बोर्डावर बसणारा बोर्ड
(सोसायटीच्या सभागृहात मुलांच्या उन्हाळी वर्गाच्या शेवटी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मुलांनी कमिटीला अर्ज दिला आहे. गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, अशी व्यवस्था ती स्वतः करून देणार आहेत. सेक्रेटरी म्हणाले, "काका, महिनाभर तुम्ही मुलांबरोबर बसलात, तुम्हीच सभासदांना समजावून सांगा." म्हणून उभा राहिलो.

मुलांच्या हातात जो निळा बोर्ड दिसतो, तो आर्डुइनो उनो. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी एका डिझाइन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोची सुरुवात झाली. नाव ठेवलं गावातल्या एका बारवरून! उनो म्हणजे इटालियनमध्ये एक. त्यावरच्या चिपची मेमरी फक्त ३२ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण दिवा लाव, बटण दाबलं का बघ, एवढ्या कामाला ती भरपूर झाली.

अडचण येते ती ताकदीची. बोर्डाला १४ डिजिटल पिना आहेत आणि एका पिनेवरून साधारण २० मिलिअँपिअरच करंट घ्यावा. त्यात एक एलईडी छान पेटतो, मोटर काही फिरत नाही. मग त्याच्या डोक्यावर दुसरा बोर्ड बसवायचा. त्याला शील्ड म्हणतात. खालच्या पिना उनोच्या सॉकेटमध्ये दाबल्या की झालं, सोल्डरिंग नको. मोटरच्या शील्डवर वेगळी चिप असते. ती उनोकडून नुसता इशारा घेते आणि मोटरला लागणारा करंट स्वतंत्र बॅटरीतून सोडते. बँकेत अधिकारी व्हाउचरवर सही करतो, पैसे काही त्याच्या खिशातून जात नाहीत, कॅशियर देतो. तसंच हे.

मुलांना सगळ्यात उपयोगी पडलं ते सेन्सर शील्ड. त्यात प्रत्येक पिनेशेजारी पाच व्होल्टची आणि ग्राउंडची पिन दिलेली असते. सेन्सरच्या तीन वायरी एका ओळीत खोचायच्या. त्याआधी ब्रेडबोर्डवर निम्मा वेळ सैल वायर शोधण्यात जायचा. एका पालकांनी विचारलं, सगळं तयारच मिळालं तर मुलं शिकणार काय? प्रश्न रास्त आहे. माझं मत असं, की पहिला एलईडी ब्रेडबोर्डवरच लावावा. पाच व्होल्टपैकी दोन एलईडी खातो, उरलेल्या तीनला २२० ओहमने भागलं की १४ मिलिअँपिअर येतात. हा हिशेब पोराने एकदा वहीत मांडला, की मग खुशाल शील्ड घेऊन द्या.

एक मात्र लक्षात ठेवायचं. दोन शील्ड एकावर एक चढवता येतात म्हणून ती एकमेकांशी जमतीलच असं नाही. इंटरनेटची केबल जोडायचं जे इथरनेट शील्ड आहे, ते १० ते १३ या पिना आणि मेमरी कार्डासाठी ४ नंबरची पिन अडवतं. दुसऱ्या बोर्डालाही १० नंबरच हवा असेल, तर एकच खातं नंबर दोन ग्राहकांना दिल्यासारखं होतं. म्हणून मुलांनी पिनांचं एक रजिस्टर ठेवलं आहे. कुठली पिन कुणाला दिली, तारखेसह. आमच्या शाखेत अशी रजिस्टरं असती तर!

आणखी एक गंमत. उनोच्या ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतर इतरांपेक्षा जास्त आहे. मूळ आखणीतच ती चूक झाली. पण सुधारली तर आधीची शील्ड बसणार नाहीत, म्हणून तशीच ठेवली. पुनर्विकासाची चर्चा करणाऱ्यांना हे लगेच कळेल.

आता मुद्द्याचं. मुलांच्या आराखड्यात रिले शील्ड आहे. उनोच्या पाच व्होल्टवर रिले 'टक्' करतो आणि दुसऱ्या बाजूला २३० व्होल्टचा प्रवाह चालू-बंद होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने मला नेमकं विचारलं, "आजोबा, रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, आपला एक हॉर्सपॉवरचा पंप पाच-सहाच घेतो, मग का नको?" उत्तर असं, की सुरू होताना मोटर क्षणभर त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेवढ्यात रिलेचे छोटे संपर्क चिकटू शकतात. मग प्रोग्रॅम म्हणतो बंद, आणि पंप चालूच! त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या उघड्या बोर्डावर २३० व्होल्ट आणि मुलांची बोटं यांच्यात अंतर किती, ते प्रत्येक पालकाने आज इथे टेबलावर येऊन बघावं.

तेव्हा माझी सूचना अशी. पंपाच्या स्विचला आणि स्टार्टरला मुलांनी हात लावायचा नाही. आपोआप बंद करायचंच असेल तर ते परवानाधारक इलेक्ट्रिशियन करेल. मुलांचं काम पाच व्होल्टपुरतं. टाकीत दोन फ्लोट स्विच, एक वर, एक खाली. वॉचमनच्या केबिनमध्ये उनो, त्यावर सेन्सर शील्ड, दोन दिवे आणि एक बझर. बझर वाजला की वॉचमन पंप बंद करेल. फ्लोट बसवायला गच्चीवर प्लंबर जाईल, मुलं नाहीत. आणि ही वायर लाइटच्या केबलच्या पाइपातून न्यायची नाही, वेगळी न्यायची.

मुलं थोडी हिरमुसली आहेत, ते मला दिसतंय. पण गेल्या रविवारी बादलीत फ्लोट सोडून त्यांनी चाचणी घेतली. बझर वाजला, तेव्हा शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले होते. सामानाची यादी सेक्रेटरींकडे दिली आहे, पिनांचं रजिस्टर टेबलावर आहे. सभासदांनी ते बघून आजच मंजुरी द्यावी, पावसाळ्याआधी वायर ओढून होईल.