दार तासण्याआधी

मी कविता लिहिणारा माणूस, बी. ए. झालेला. लोखंडाशी माझी खरी ओळख झाली ती विरारला, फुलपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात.

पाण्याचा भरवसा नाही म्हणून पोटमाळ्यावर ५०० लिटरची टाकी बसवली. खाली चार इंची दोन चॅनेल, दहा फूट लांब, टोकं दोन्हीकडच्या भिंतींत. उभे घातले तर दोन इंच उंची जास्त जाते, म्हणून मीच मिस्त्रीला सांगितलं, "आडवे टाक."

काही दिवसांनी खालच्या कपाटाचं दार अडकू लागलं. सुताराकडून तासून घेतलं, तरी अडकेच. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, नळाला पाणी आलं की हे दार अडकतं. टाकी रिकामी झाली की सुटतं." मग वेल्डरला बोलावलं. त्यानं दोरी ताणून दाखवली. भरल्या टाकीखाली चॅनेलला मधोमध इंचभर बाक आला होता. "चाचा, दार कशाला तासता? वर बघा," तो म्हणाला.

५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, सात-आठ माणसं कायमची डोक्यावर बसल्यासारखी. हाच चार इंची चॅनेल उभा घातला, तर आडव्यापेक्षा साधारण सातपट कमी वाकतो. इंचाचा बाक तीन-चार मिलिमीटरवर येतो. आणि मधला गाळा दुप्पट केला, तर मधोमध ठेवलेल्या तेवढ्याच वजनाला बाक दुप्पट नव्हे, आठपट होतो. आपल्याकडच्या मानकात अशा तुळईच्या बाकाची नेहमीची मर्यादा लांबीच्या तीनशेव्या भागाइतकी आहे. दहा फुटांना सुमारे दहा मिलिमीटर. आमचा होता पंचवीस. तुटला नव्हता, म्हणून मी त्याला मजबूत समजत होतो.

टाकी रिकामी केली, चॅनेल उभे करून घेतले, टाकी मधून काढून भिंतीजवळ सरकवली. दार आता बिनतक्रार लागतं.

पण मनातली धास्ती गेली नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेलाच रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून सतरा माणसं गेली. इमारत अनधिकृत होती, आणि तिला वीस वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर रस्त्यानं जाताना माझी नजर आपोआप वर जाते. तडकलेल्या स्लॅबखाली चॅनेल ठोकून वर रंग मारलेला दिसतो. तो टेकू आहे की नुसता पडदा? चॅनेल भार नाहीसा करत नाही, टोकांकडे नेतो. ज्या भिंतीवर ती टोकं टेकली आहेत तीच पोकळ असेल, तर लोखंड काय करणार? हे वेल्डरनं नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरनं बघून सांगायचं असतं. त्याची फी आपल्याला जड वाटते, रंगाचा खर्च वाटत नाही.

लोखंडाचा एक गुण मला आवडतो. ते बहुधा तुटण्याआधी वाकतं, म्हणजे आधी सांगतं. तेव्हा श्रोतेहो, घरातलं एखादं दार विनाकारण अडकायला लागलं, तर रंधा मारण्याआधी एकदा वर बघा.