‘गिफ्ट’: दान आणि विष

इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट. जर्मन भाषेत विष. आणि स्वीडिशमध्ये तर विष व विवाहित हे दोन्ही अर्थ! या सर्वांचे मूळ एकच: ‘देणे’ या अर्थाचा प्राचीन जर्मॅनिक धातू. विवाहाचा अर्थ मराठी माणसास परका वाटू नये. मुलगी अमक्या घरी ‘दिली’, असेच तोही म्हणतो. मग विष कोठून आले? ग्रीक ‘डोसिस’ म्हणजेही देणेच. वैद्याने दिलेली मात्रा ती ‘डोस’. त्याच्या अनुकरणाने जर्मन शब्दास प्रथम मात्रेचा व पुढे सौम्योक्तीने विषाचा अर्थ आला. जुने दान तेथे आता उरले आहे ते ‘मिटगिफ्ट’ या शब्दात, म्हणजे हुंड्यात! शब्द केवळ देणे सांगतो. काय द्यावे, हे देणाराच ठरवितो.