कॉफीचा कडूपणा

मराठी घरांत कॉफी म्हणजे दूध, साखर, पूड व जायफळ एकत्र उकळून केलेलें पेय. तें कडू झालें, कीं दोष पुडीला देतात व साखर वाढवितात. वास्तविक दोष बहुधा उकळीचा असतो. पूड फार वेळ उकळली, म्हणजे सुवास वाफेबरोबर जातो आणि कडू, तुरट अंश पाण्यांत अधिक उतरतात.

दाक्षिणात्य गृहिणी हें टाळते. तळाशीं बारीक छिद्रें असलेल्या भांड्यांत ती पूड हलकेच दाबते, वर कढत पाणी ओतते, आणि खालच्या भांड्यांत थेंबथेंब उतरलेला अर्क गरम दुधांत मिसळते. असें भांडें नसेल, तर १५० मिलिलिटर पाण्यास १० ग्रॅम पूड घ्यावी. उकळलेलें पाणी क्षणभर निववून तिच्यावर ओतावें, ४ मिनिटें झांकून ठेवावें व गाळावें. जायफळ शेवटीं किसावें.

दळलेल्या पुडीचा सुवास लवकर उणावतो. म्हणून ती थोडीच आणून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

कॉफीच्या झुडपाला फळ धरण्यास ३-४ वर्षें लागतात. चिकमगळूरच्या मळ्यांतील मजुरांचे श्रम स्वयंपाकघरांतील ४ मिनिटांच्या उतावीळपणानें वायां जाऊं नयेत.