पांढरा दाणा लेकराला, कोंडा म्हशीला



आम्ही मावळातली भात पिकवणारी माणसे. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. पीक वेगळे, पाऊस वेगळा. पण ताटातली चूक दोघांची एकच आहे.

आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा वाण आला. वाण चांगला, वासाचा. पण गिरणीत आम्ही तो पांढराशुभ्र होईपर्यंत पॉलिश करून घेतो. ब जीवनसत्त्व, लोह आणि चोथा ज्या थरात असतो, तो कोंड्यात जातो. म्हणजे सत्त्व म्हशीला आणि पांढरा दाणा लेकराला! जावा बेटावर आइकमन नावाच्या डॉक्टरांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत पाहिले, की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळाला की उभ्या राहतात. कोंबडीला कळले, आम्हाला अजून कळायचे आहे.

तुमची ज्वारी कोंड्यासकट दळली जाते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम चोथा आणि ४ मिलिग्रॅम लोह. पांढऱ्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. तरी ज्वारी बाजारात जाते आणि घरात रेशनचा तांदूळ शिजतो. आम्ही दोष देत नाही. भाव आणि मजुरी यांनी ही वेळ आणली.

पण गंमत पाहा. लोणावळ्याला शहरातली माणसे गाडी करून येतात आणि चुलीवरची भाकरी पैसे मोजून खातात. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी तिथे कैवल्यधाम काढले. तिथे आजही माणसे योगासाठी आणि साध्या आहारासाठी येऊन राहतात. आणि आमची पोरे चहात बिस्किटे बुडवतात! देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, असे २०२३ च्या पाहणीत दिसले. तो आता गावातही आला आहे.

मग करायचे काय? पैसे लागणार नाहीत.

एक : वर्षाची खायची ज्वारी आधी कणगीत, मग बाजारात. पीठ चाळून कोंडा टाकू नका. तांदूळ घ्याल तर कमी पॉलिशचा.

दोन : भाकरीबरोबर रोज डाळ किंवा उसळ. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी, ते तूर, मूग, मटकी भरून काढतात. कपाशीतल्या तुरीच्या ओळी आधी घरासाठी.

तीन : रोज पालेभाजी. मोरीच्या पाण्यावर शेवगा, अंबाडी लावा. फवारलेल्या कपाशीतली रानभाजी मात्र तोडू नका.

चार : मूठभर शेंगदाणे रोज चालतील. आमच्या चिक्कीतही शेंगदाणाच असतो. पण गूळ ही साखरच, तो बेताने.

पाच : मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात लोणचे-पापड धरून.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भाकरीच्या भरवशावर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

शेवटचे, आणि सगळ्यात महत्त्वाचे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे. कापूस वेचून आलेली बाई सगळ्यांना वाढते आणि उरलेसुरले खाते. उद्यापासून तिचे ताट सगळ्यांबरोबर वाढा, आणि डाळ तिच्या ताटात पातळ नको. घरातला कोंडा-कणी कुणाच्या वाट्याला जातो, याचा हिशेब आपणच मांडायचा आहे.