विषयपत्रिका कोणाच्या हाती?



कंपनी कारभाराचा विषय निघाला की आपल्या सभांमध्ये दाखले येतात ते लंडनचे, नाहीतर न्यूयॉर्कचे. मी आज फ्रान्सबद्दल बोलणार आहे. तिथलं चित्र आपल्याला ओळखीचं वाटेल. मोठ्या कंपन्यांवर घराण्यांची पकड आहे, अनेक ठिकाणी सरकारचा हिस्सा आहे, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे संचालक आहेत, आणि ज्याला फार काळ कोणी विचारलंच नाही असा छोटा भागधारकही आहे. या छोट्या भागधारकाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काय मिळवलं आणि तो कुठे अडला, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात शार्त्र या गावापासून करतो. भव्य कॅथेड्रलसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तिथे राहणाऱ्या कोलेट नव्हिल या बाईंनी १९९१ मध्ये अल्पसंख्य भागधारकांच्या संरक्षणासाठी ‘आदाम’ ही संस्था काढली. तोवर फ्रान्समध्ये कंपनीचा ताबा एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे गेला, तर मोठ्यांना मिळालेला भाव छोट्यांना मिळेलच याची खात्री नसे. नव्हिलबाईंनी कायद्याची पुस्तकं हाती घेतली, नियामकाकडे अर्ज केले, न्यायालयांत दावे लावले, सभांमध्ये उभं राहून प्रश्न विचारले. त्यांच्या हाती भांडवल नव्हतं, चिकाटी होती. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांना आपल्या संचालक मंडळावर घेतलं. युरोटनेल ही त्यांतलीच एक.

युरोटनेलची हकीकत जरा सविस्तर सांगतो. इंग्लिश खाडीखालून बोगदा खणायचा, पण त्यात सरकारी पैसा घालायचा नाही, ही ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंची अट होती. म्हणून १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये, जगभरचे बाजार कोसळल्यानंतर महिन्याभरातच, हा शेअर ३५ फ्रँकला जनतेपुढे आला. फ्रान्समधल्या शिक्षकांनी, दुकानदारांनी, निवृत्त लोकांनी तो घेतला. देशाच्या एका मोठ्या कामात आपलाही वाटा असावा, ही भावना त्यामागे होती. १९९४ मध्ये बोगदा सुरू झाला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, वाहतूक अंदाजाच्या बरीच मागे राहिली, आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. २००४ उजाडलं तेव्हा शेअरचा भाव एका युरोच्या खाली होता.

मग ७ एप्रिल २००४ ची सर्वसाधारण सभा आली. शेअर बाजारावरचं वार्तापत्र चालवणारे निकोला मिगे यांनी छोट्या भागधारकांची मतपत्रं गोळा केली होती. सभेत मतदान झालं आणि व्यासपीठावर बसलेलं संपूर्ण संचालक मंडळ पायउतार झालं. या आकाराच्या कंपनीत फ्रान्समध्ये असं कधी घडलं नव्हतं. कंपनीचे शेअर इतक्या लहान लहान हातांत विखुरले होते, म्हणूनच ते शक्य झालं.

पण त्यानंतर काय झालं, हेही सांगायला हवं. संचालक बदलले, कर्ज तेवढंच राहिलं. नव्या मंडळातही भांडणं झाली. २००५ मध्ये झाक गुनों अध्यक्ष झाले, २००६ मध्ये कंपनीने न्यायालयाचं संरक्षण घेतलं, २००७ मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि कर्ज देणाऱ्यांच्या हाती कंपनीचा मोठा वाटा गेला. पहिला लाभांश मिळायला २००९ उजाडावं लागलं. मताने माणसं बदलता येतात. धोरण बदलायला त्यापुढे वर्षानुवर्षं बोलत राहावं लागतं, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रेनो या मोटार कंपनीकडे येऊ, कारण तिथे लागोपाठ दोन वर्षांत दोन फार बोलक्या घटना घडल्या.

पहिल्या घटनेआधी तिच्यामागचा कायदा सांगतो. लोरेन प्रांतात फ्लोरांज नावाचं पोलादाचं गाव आहे. आर्सेलर-मित्तलने तिथल्या झोतभट्ट्या बंद केल्या, तेव्हा देशभर गदारोळ झाला. त्यातून २९ मार्च २०१४ चा कायदा आला. त्यात एक तरतूद अशी होती की, सूचिबद्ध कंपनीचा शेअर ज्याने दोन वर्षं स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवला, त्याला दुप्पट मत मिळेल. कंपनीला ते नको असेल तर दोन तृतीयांश मतांनी तसा ठराव करावा. टिकून राहणाऱ्याला बळ द्यावं, आज घेऊन उद्या विकणाऱ्याला नको, हा यामागचा हेतू. हेतूवर कोणी बोट ठेवणार नाही.

रेनोच्या संचालक मंडळाला दुप्पट मत नको होतं. त्यांनी ३० एप्रिल २०१५ च्या सभेपुढे तसा ठराव आणला. फ्रेंच सरकारचा रेनोत १५ टक्के हिस्सा होता. सभेच्या काही आठवडे आधी तेव्हाचे अर्थमंत्री इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी बाजारातून शेअर उचलून तो १९.७ टक्क्यांवर नेला. ठरावाच्या बाजूने साठ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. दोन तृतीयांश झाली नाहीत. दुप्पट मत लागू झालं. वाढवलेला हिस्सा सरकारने २०१७ मध्ये विकून टाकला. दीर्घकाळ टिकणाऱ्यांसाठी केलेला कायदा, आणि तो लागू करण्यासाठी सभेच्या तोंडावर वाढवलेला हिस्सा! बहुसंख्य भागधारकांना जे नको होतं ते असं त्यांच्या गळी उतरवणं मला मान्य नाही, मग ते सरकारने केलं म्हणून काय झालं?

दुसऱ्या वर्षी, २९ एप्रिल २०१६ ला, रेनोचे प्रमुख कार्लोस घोन यांच्या ७२ लाख युरोंच्या वार्षिक मोबदल्यावर मतदान झालं. ५४ टक्के मतं विरोधात पडली. ते मत केवळ सल्ल्याचं होतं. संचालक मंडळाची लगेच त्याच दिवशी बैठक बसली आणि मोबदला आहे तसाच कायम झाला. मालकांनी नाही म्हटलं आणि त्यांनी नेमलेल्यांनी काही तासांत ते बाजूला सारलं. याचा परिणाम मात्र मंडळाच्या अपेक्षेबाहेर झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या ९ तारखेला ‘सापाँ २’ कायदा झाला आणि मोबदल्यावरचं भागधारकांचं मत बंधनकारक ठरलं. धोरणावर आधी मत, आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष रकमेवर पुन्हा मत. हे दुसरं मत विरोधात गेलं, तर कामगिरीवर आधारलेली बदलती रक्कम देताच येत नाही. हरलेल्या मतदानातून कायदा कसा घडतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दानोन या दुग्धपदार्थांच्या कंपनीचं प्रकरण तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. २०१९ च्या पाक्त कायद्याने कंपन्यांना सामाजिक उद्दिष्ट आपल्या घटनेत लिहिण्याची सोय दिली. जून २०२० मध्ये दानोनच्या भागधारकांनी ९९ टक्के मतांनी ते स्वीकारलं. अवघ्या नऊ महिन्यांत, मार्च २०२१ मध्ये, ते घडवून आणणारे प्रमुख एमॅन्युएल फाबेर यांना मंडळाने दूर केलं. लंडनच्या ब्लूबेल या फंडाने दबाव आणला होता आणि त्याच्याकडे एक टक्काही शेअर नव्हते. पण एक टक्क्याच्या आतला फंड एकट्याने प्रमुखाला घालवू शकत नाही. शेअर मागे पडला होता, दोन हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली होती, अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे होती, आणि ९९ टक्क्यांतल्या मोठ्या गुंतवणूकदारांशी पुरेसा संवाद राहिला नव्हता. मला फाबेर यांच्या उद्दिष्टाबद्दल आदर आहे, म्हणूनच त्यांचं जाणं मला लागतं. उद्दिष्ट घटनेत लिहिलं म्हणजे त्यासाठीचा पाठिंबा कायमचा बांधला गेला, असं होत नाही.

दबाव आणणारे फंड नेहमी शुद्ध हेतूनेच येतात, असंही मी म्हणणार नाही. नॉर्बर दांत्रसांगल या वाहतूक कंपनीच्या प्रकरणात आपला हेतू आणि व्यवहार नीट जाहीर न केल्याबद्दल एलियट या फंडाला फ्रेंच नियामकाने २०२० मध्ये दोन कोटी युरोंचा दंड ठोठावला. उलट कासिनो या किराणा साखळीच्या कर्जाबद्दल शेअरच्या घसरणीवर पैसे लावणाऱ्या मडी वॉटर्सने २०१५ मध्ये धोक्याची घंटा वाजवली, तेव्हा त्यांच्यावर सगळीकडून टीका झाली. मूळ कंपनी राल्ये २०१९ मध्ये न्यायालयाच्या आश्रयाला गेली आणि २०२४ मध्ये कासिनो जुन्या मालकांच्या हातून गेली. बोलणारा कोण, यापेक्षा तो दाखवतोय ते हिशेब खरे आहेत का, हे आपण लेखापालांनी आधी तपासावं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे. मत देण्याचा हक्क मोलाचा आहेच. पण कशावर मत द्यायचं हे ठरवण्याचा हक्क त्याहून मोलाचा आहे.

फ्रेंच कायद्यानुसार मोठ्या कंपनीच्या विषयपत्रिकेवर ठराव आणायला साधारण अर्धा टक्का भांडवल पाठीशी लागतं. ऐकायला हे थोडं वाटतं. टोटालएनर्जीज या तेल कंपनीचं बाजारमूल्य शंभर अब्ज युरोंच्या वर धरलं, तर हा अर्धा टक्का पन्नास कोटी युरोंच्या वर जातो. एकट्यादुकट्याला हे जमणारं नाही. तरीही गुंतवणूक संस्था एकत्र आल्या. २०२० मध्ये अकरा संस्थांनी हवामानाच्या प्रश्नावर ठराव आणला, त्याला जवळपास १७ टक्के मतं मिळाली. २०२२ मध्ये पुन्हा अकरा संस्था आल्या, तेव्हा मंडळाने तो ठराव विषयपत्रिकेवर घेतलाच नाही. धोरण ठरवणं हे मंडळाचं काम, सभेचं नाही, हा युक्तिवाद. त्याचं मूळ सभेने मंडळाच्या अधिकारात शिरू नये असं सांगणाऱ्या १९४६ च्या मोत निवाड्यात आहे. २५ मे २०२२ ला पॅरिसच्या साल प्लेयेल या सभेच्या जागेबाहेर आंदोलकांनी दारं अडवली आणि भागधारकांना आत जाता आलं नाही. ज्या प्रश्नाला सभागृहात जागा मिळत नाही, तो रस्त्यावर येतो. २०२३ मध्ये केवळ सल्ल्याच्या स्वरूपातला ठराव स्वीकारला गेला, तेव्हा त्याला ३० टक्के मतं पडली. पुढच्या वर्षी अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी ही पदं वेगळी करण्याविषयीचा ठराव पुन्हा बाहेरच राहिला.

मंडळाच्या अधिकाराचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. कंपनी रोजच्या रोज सभेने चालवता येत नाही. पण ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्यानेच प्रश्न सभेपुढे यावा की नाही हे ठरवणं, यात न्याय नाही. तो निर्णय नियामकाने किंवा न्यायालयाने झटपट द्यावा.

फ्रेंच कायद्यातली एक तरतूद मात्र मला फार आवडते. एक शेअर असलेला माणूसही सभेआधीच्या चौथ्या कामकाजी दिवसापर्यंत लेखी प्रश्न पाठवू शकतो आणि मंडळाला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. तिथल्या जबाबदार गुंतवणुकीच्या मंचाने याच हक्काचा वापर करून पॅरिसच्या चाळीस मोठ्या कंपन्यांना पगार, कर, पर्यावरण यांवर दरवर्षी प्रश्न पाठवायला सुरुवात केली, उत्तरांना गुण दिले आणि ते छापले. गोडगोड उत्तर देऊन सुटणं अवघड झालं.

आणि आपण कुठे आहोत? आपल्या कंपनी कायद्याच्या कलम १११ नुसार भागधारकांना आपला ठराव सभेपुढे फिरवायचा तर एक दशांश मताधिकार लागतो. फ्रान्समध्ये अर्धा टक्का, आपल्याकडे दहा टक्के. प्रवर्तकांकडे निम्मा हिस्सा असेल, तर उरलेल्यांपैकी प्रत्येक पाचवा शेअर गोळा करायचा. हे कोण करणार? जिथे ठराव सभेपुढे येतो तिथे आपले भागधारक झोपलेले नसतात. २०१७ मध्ये रेमंडच्या भागधारकांनी मुंबईतल्या जेके हाउसमधल्या जागा प्रवर्तक कुटुंबाला स्वस्तात देण्याचा प्रस्ताव ९७ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला. कारण तिथे हितसंबंधी मंडळींना मत नव्हतं आणि प्रश्न मतपत्रिकेवर होता. सेबीने म्युच्युअल फंडांना एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मत देणं सक्तीचं केलं आहे. हे फंड बहुतांश मुंबईतूनच चालतात. त्यातल्या कित्येकांचे अधिकारी आज या सभागृहात आहेत. तुमच्या मताची कारणं तुम्ही जाहीर करता, ती साच्यातली एक ओळ नसू दे. कष्टाचे पैसे तुमच्याकडे ठेवणाऱ्याला ती वाचून समजलं पाहिजे की तुम्ही त्याच्या वतीने काय विचार केलात.

कंपनी सेक्रेटरी मित्रांनो, सभेत लांबून आलेला वयस्कर भागधारक प्रश्न विचारायला उठला की त्याला दोन मिनिटांत बसवण्याची घाई करू नका. त्याचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवा आणि उत्तर लेखी पाठवा.

उद्या समारोपाच्या सत्रात एक ठराव आपल्यापुढे येणार आहे. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांसाठी कलम १११ मधली एक दशांशाची अट भांडवलाच्या प्रमाणात उतरती करावी आणि एक शेअर असलेल्याच्याही लेखी प्रश्नाला उत्तर देणं मंडळावर बंधनकारक करावं, अशा त्यातल्या दोन मागण्या आहेत. त्यावर हवी तितकी चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, पण तो संमत करून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे पाठवा, अशी माझी तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती आहे.