जीप किती उंच करावी?

कोल्हापूर-सांगलीकडच्या ज्या जीपगाड्यांनी एके काळी वडाप केलं, टपावर माणसं आणि मागच्या पायरीवर कॉलेजची पोरं घेऊन गावोगाव फिरल्या, त्यांना आता हौशी गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. पंचवीस-तीस वर्षांची गाडी शोधून काढायची, रंग द्यायचा, आणि मग लगेच ठरवायचं की ती उचलायची किती. इंजिन धूर मारतं का, ब्रेक धरतात का, हे प्रश्न नंतरचे. या उचलण्याला ही मंडळी 'लिफ्ट' म्हणतात.

माझ्या भाच्यानं अशीच एक एमएम 540 घेतली आणि आठव्या दिवशी मला फोन केला. ''मामू, चार इंच उचलतो. चालेल ना?'' कविता लिहिणाऱ्या माणसाला हे विचारायचं कारण असं की आमच्या बडे अब्बांचं हायवेला पाटे दुरुस्तीचं दुकान होतं आणि बी.ए. होईपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथं घण उचलण्यात काढल्या. लीफ स्प्रिंग हा शब्द मी फार उशिरा ऐकला. आमच्याकडे पाटा, मेन पाटा, आणि पाट्याला असलेली कमान. हा कमान शब्द फारसीतून आला. तिथं त्याचा अर्थ धनुष्य. उर्दू शायरांनी तो प्रेयसीच्या भुवयांना वापरला, मराठीनं दरवाजाला लावला, आणि बडे अब्बांनी ट्रकच्या पाट्याला. तिघांचंही बरोबरच आहे. आज बोलायचं आहे ते फक्त पुढे-मागे पाटे असलेल्या जुन्या गाड्यांबद्दल. 2020 नंतरच्या थारचं गणित निराळं, तिला हे लागू करू नका.

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला, गाडी टेकते कुठं? तो म्हणाला, शेताकडच्या पाणंदीत. आता पाणंद कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दोन बाजूंना गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या आणि मध्ये मातीचा उंचवटा. 'चाकोरी' म्हटलं की आपल्याला चाकोरीबद्ध आयुष्य आठवतं, पण मूळ चाकोरी ही अशी चाकानं पाडलेली. जीपची चाकं त्या चाकोरीत उतरतात आणि मधल्या उंचवट्याला घासतो तो एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा.

इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. पाटे बदलून, शॅकल लांब करून, काहीही करून गाडी चार इंच उचला, तो गोळा आहे तिथंच राहतो. एक्सल चाकांना जोडलेला आहे. पाटे उचलतात ती चासी आणि बॉडी. गोळा वर घ्यायचा तर टायर मोठा पाहिजे, दुसरा उपाय नाही. आणि टायरचा फायदाही निम्माच मिळतो. भाच्याच्या गाडीला 215/75 आर 15 टायर होते, त्यांचा व्यास साधारण 703 मिलिमीटर. 235/75 आर 15 टाकले तर 733. फरक तीस मिलिमीटरचा, म्हणजे गोळा वर आला पंधरा मिलिमीटर, अर्ध्या इंचाहून किंचित जास्त.

मग उचलण्याचा उपयोग काहीच नाही का? आहे. मोठं टायर वळताना आणि उडताना मडगार्डला घासू नये म्हणून जागा होते. ओढ्यात उतरताना पुढचा बंपर आणि वर चढताना मागची बाजू टेकत नाही. पण हे काम दीड-दोन इंचात होतं. चार इंच कशाला लागतात, हे भाच्याला सांगता आलं नाही. खरं कारण मला माहीत होतं. उंच गाडी रुबाबदार दिसते. ते कारण मी खोटं म्हणणार नाही, पण त्याची किंमत काय पडते ते आधी पाहावं.

आम्ही टेप घेऊन बसलो. गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजले. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण झिजलेलं टायर किंवा कमी हवा माप बिघडवते. उजवी बाजू डावीपेक्षा सव्वा इंच खाली. इतकी वर्षं ड्रायव्हर त्याच बाजूला बसला, दुसरं काय होणार? पुढच्या पाट्यांची कमान जवळजवळ सपाट झालेली. मागे कुणीतरी ओझ्यासाठी एक जादा पाटा घातलेला, त्यामुळे मागचा भाग उंच पण दगडासारखा कडक. म्हणजे भाच्याला जी उंची विकत घ्यायची होती, तिच्यातली बरीचशी या गाडीनंच हरवली होती. जुन्या गाडीचा लिफ्ट ठरवताना हा आकडा आधी हातात पाहिजे. मूळची उंची परत आणल्याशिवाय वर किती जायचं हे ठरवताच येत नाही.

उंची वाढवायच्या वाटा पुष्कळ. सगळ्यात स्वस्त म्हणजे लांब शॅकल. पाट्याचं एकच टोक शॅकलवर असतं, म्हणून दोन इंच लांब शॅकल घातला की गाडी एकच इंच उठते. शिवाय पुढचा एक्सल थोडा फिरतो, स्टिअरिंगचा कोन बिघडतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकू लागते. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. दुसरी वाट, पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा. मागे चांगल्या प्रतीचा, कमी उंचीचा ठोकळा एक वेळ चालेल. पुढे कधीही नाही. ब्रेक मारताना पुढच्या एक्सलला जो पीळ बसतो, तो ठोकळ्याला उपटून काढू शकतो. तिसरी, एक पाटा वाढवणं. गाडी उठते, पण रिकामी असताना प्रत्येक खड्डा मणक्यात जाणवतो.

चौथी वाट भाच्याच्या मिस्त्रीनं सुचवली होती. मूळ विलीज जीपला पाटे एक्सलच्या खाली असतात. ते काढून एक्सलच्या वर बसवले की पाच-सहा इंच एका दमात मिळतात. रानावनात, खडकांत स्पर्धेला उतरणारे जाणकार हे करतात. पण त्यांना त्यामागोमाग स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकचे होज, शॉकअप, सगळंच बदलावं लागतं. जीपचा मागचा प्रोपेलर शाफ्ट मुळात आखूड. गाडी उंच झाली की तो तिरका होतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात. गाडी थरथरते, मग मिस्त्री गिअरबॉक्सला दोष देतो.

आणि घाट. भाचा वर्षातून दोनदा आंबा घाटानं रत्नागिरीकडे जातो. शेजारी माझी बहीण, मागे पोरं. गाडी कलंडायची किती शक्यता, हे दोन मापांवर ठरतं. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग, आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच. समजा निम्मं अंतर 25 इंच आणि मध्य 26 इंचांवर. भागाकार 0.96. तो मध्य तीन इंच वर नेला तर 0.86. एक दशांश स्थैर्य गेलं. माळावर ते कळणार नाही. पावसात, उतारावर, समोरून एस.टी. आल्यावर कळेल. मी भाच्याला हे आकडे कागदावर लिहून दिले आणि खाली त्याच्या आईचं वजनही लिहिलं. तो हसला, पण कागद खिशात ठेवला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळा बदल करता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे अधिक स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओच्या दारात जावंच लागतं. मूळ उंचीवर आणलेल्या गाडीला तिथं काही सांगावं लागत नाही. उचललेल्या गाडीनं आधी तिथं विचारलेलं बरं, आणि विमा कंपनीलाही.

आम्ही शेवटी केलं ते एवढंच. जादा पाटा काढून टाकला. चारही पाट्यांचे नवे संच मूळ कमानीचे घेतले. जुन्यांनाच कमान देता आली असती, पण आता बऱ्याच ठिकाणी गॅसनं तापवून वाकवतात. पोलाद तसं तापवलं की त्याचं पाणी उतरतं, आणि पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर चार महिन्यांत पाटा परत बसतो, नाहीतर तुटतो. बडे अब्बा थंड पाट्यावर घण मारून कमान देत, एकेक ठोका मोजून. तसा हात आता मला कुठं दिसत नाही. बुश नवे, शॉकअप नवे. यू-बोल्टही नवे, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो. गाडी पुढून पावणेदोन इंच वर आली, मागून किंचित खाली गेली, आणि चारही कोपरे जुळले. मग 235 चे टायर बसवले. पूर्ण वळणावर घासत नाहीत. स्पीडोमीटर आता साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टनं धावत असते, एवढं लक्षात ठेवायचं.

पाणंदीत अजून एका जागी गोळा टेकतो. भाच्यानं तिथला उंचवटा फावड्यानं काढला, अर्ध्या तासाचं काम. बहीण गुडघेदुखीची आहे, पण दांडा धरून एकटी चढते. चार इंच केले असते तर स्टूल ठेवावं लागलं असतं.

भाच्याला अजून एक इंच हवाच आहे. मी म्हटलं, नवे पाटे काही आठवड्यांत थोडे बसतात, पावसाळा जाऊ दे, पुन्हा मोजू. तोपर्यंत शंभर-दोनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट एकदा परत आवळून घे.