श्वासाची शिल्लक

माउली, काळ कधी डोळ्यांना दिसतो का? घड्याळात दिसते ती वेळ. आयुर्वेदात चरकाचार्य काळाला ‘परिणाम’ म्हणतात. रात्री दुधाला विरजण लावलं, सकाळी दही झालं. हा काळ! आता त्या दह्याचं परत दूध होईल का? नाही. देहाचंही तसंच आहे, बरं का.

योगी काळ श्वासांनी मोजतात. दिवसरात्रीचे २१,६०० श्वास, म्हणजे मिनिटाला १५. यातला एक तरी उद्यासाठी साठवता येतो का? आणि आपण म्हणतो, नाम म्हातारपणी घेऊ! अहो, जिभेला आज सवय नाही, तर तेव्हा नाम कुठून येणार? वारीत पाऊल चालतं, श्वास चालतो. त्यालाच नाम जोडा. श्वास तर जाणारच, तो रिकामा जाऊ देऊ नका. म्हणा, रामकृष्णहरी!